रेघ कुठे ओढायची? : सीमाभाग, तंबाखू आणि तोंडाच्या कॅन्सरचे किरणोपचार

पुणे-बंगळूर रस्त्याने येताना एसटीत डोळा लागला असला, तरी निपाणी आली हे नाकाला कळत असे. वखारींतून येणारा तंबाखूचा उग्र वास, चाळण्यांची खडखड, नाकातोंडाला पदर बांधून चाळायला बसलेल्या बायका आणि दाराशी पोत्यांनी भरलेल्या गाड्या. हा वास आम्हा सीमाभागातल्या माणसांना लहानपणापासून ओळखीचा. त्याचे कधी वाईट वाटले नाही. उलट, वास सुटला म्हणजे हंगाम सुरू झाला, हातात पैसा खेळणार, असेच घरोघर मानले जाई.

तंबाखूने या भागाला खरोखरच खूप दिले. घरे उभी राहिली, लग्ने झाली, मुले शिकली. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्याच सुमारास वखारीत राबणाऱ्या बायकांनी मजुरीसाठी संघटना बांधली. ‘युगांतर’ या गटाने त्यांच्या लढ्यावर १९८२ साली माहितीपटही काढला. तंबाखू पिकवणाऱ्याचा आणि चाळणारीचा इतिहास असा थोडाफार तरी नोंदला गेला आहे. तंबाखू खाणाऱ्याचा इतिहास मात्र लिहिलेला नाही. तो दवाखान्यांच्या फायलींत आणि एक्स-रेच्या पिवळ्या पाकिटांत पडून आहे. या वर्षीच्या स्मरणिकेत त्यातलेच एक पान उलगडावे, असे आम्ही ठरवले.

हे पान आहे तोंडाच्या, घशाच्या आणि मानेच्या कॅन्सरवर देतात त्या किरणोपचाराचे. आपल्याकडे त्याला कोणी ‘शेक’ म्हणतो, कोणी ‘लाईट’. “दादांना लाईट द्यायला मिरजेला नेलंय,” हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले असेल. पण लाईट नेमका कुठे द्यायचा हे डॉक्टरांना कसे कळते, आणि पन्नास वर्षांपूर्वी कसे कळत होते, याचा आपण क्वचितच विचार करतो. त्या ‘कुठे’ची कथा मोठी आहे, आणि रोग्याचे पुढचे आयुष्य तिच्यावर अवलंबून असते.

परळचे रुग्णालय आणि एक हजार रोगी

विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण शोधले. तीन वर्षांनी, १८९८ मध्ये, क्युरी दांपत्याने रेडियम शोधले. शरीराच्या आत पाहण्याचे साधन आणि शरीरातली गाठ जाळण्याचे साधन अशी दोन्ही जवळजवळ एकाच वेळी माणसाच्या हाती आली. पण ती एकमेकांशी नीट जोडली जायला पाऊण शतक जावे लागले.

१९२० च्या दशकात पॅरिसमध्ये आंरी कुतार यांनी घशाच्या कॅन्सरवर एक मोठा धडा घालून दिला. सगळा डोस एकदम न देता थोडा थोडा, अनेक आठवडे दिला, तर गाठ मरते आणि भोवतालची कातडी सावरते. आजही आपल्या रोग्याला सहा-सात आठवडे, आठवड्याचे पाच दिवस मशीनखाली जावे लागते, त्याचे मूळ तिथे आहे.

आपल्याकडे या विद्येचे माहेरघर परळ. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईतील तोंडाच्या कॅन्सरच्या एक हजार रोग्यांचा आढावा १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत तुलनेने क्वचित दिसणारा हा रोग आपल्याकडे इतका का, आणि त्याचा खाण्या-चघळण्याच्या सवयींशी काय संबंध, हा प्रश्न अशा कामांमुळे जगापुढे आला. गालाच्या ज्या बाजूला तंबाखूचा बार धरायचा, बहुधा त्याच बाजूला चट्टा उठतो, हे आपल्याकडच्या डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातले. मिश्री लावणाऱ्या आपल्या आज्या-आत्यांचेही तेच. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते,’ असे म्हणणाऱ्या बाईला मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे कोणी सांगितलेले नसते.

सीमाभागातला माणूस मुंबईला गेला की दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरायचा आणि परळला खेटे घालायचा. ज्याला तेवढे जमत नसे तो मिरज गाठायचा. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले तेव्हापासून बेळगावकडच्या लोकांना ‘मिरजेला नेणे’ म्हणजे शेवटचा मोठा इलाज, हे ठाऊक होते. निपाणीला तर आजही रेल्वे नाही. रोगी एसटीत बसून कोल्हापूर किंवा मिरज गाठत असे.

बोटाने चाचपून, तारेने मोजून

कोबाल्टचे मशीन १९५१ मध्ये कॅनडात पहिल्यांदा वापरले गेले. भारतात ते १९५० च्या दशकातच मद्रासच्या अड्यार येथील संस्थेत आले. शरीरात खोलवर पोचणारे किरण आता मिळाले. पण नेम कसा धरायचा?

त्या काळी डॉक्टर बोटाने गाठ चाचपत, आरशाने घसा पाहत. समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढत. एक्स-रेत हाडे दिसतात, गाठ दिसत नाही. त्यामुळे जबड्याचा कोन, मानेचे मणके अशा खुणांवरून गाठ कुठे असावी याचा अंदाज बांधायचा. मग मऊ शिशाची तार मानेभोवती वाकवून तिचा आकार घ्यायचा, तो कागदावर गिरवायचा, आणि कुठे किती डोस पोचेल हे हाताने मोजून मांडायचे. शेवटी गालावर, मानेवर रंगाच्या रेघा ओढायच्या. या रेघा पुसू नयेत म्हणून रोग्याने दीड-दोन महिने तोंड धुवायचे नाही. गावात परतलेल्या माणसाच्या गालावरच्या त्या रेघा पाहून लोक काय ते समजत.

अंदाजाने काम करायचे, तर सुरक्षिततेसाठी क्षेत्र मोठे घ्यावे लागे. उजवीकडून आणि डावीकडून असे समोरासमोर दोन मोठे चौकोन, आणि मधले सगळे किरणांखाली. गाठ सुटू नये म्हणून हे योग्यच होते. पण त्या चौकोनात काय काय येत असे? कानाखालच्या दोन्ही लाळग्रंथी, जबड्याचे हाड, गिळण्याचे स्नायू. मज्जारज्जूला ठरावीक मर्यादेपलीकडे डोस गेला तर हातपाय लुळे पडण्याचा धोका, म्हणून तिथे येऊन उपचाराला लगाम घालावा लागे.

अनेक जण त्या उपचाराने बरे झाले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण बरे होणे म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. लाळग्रंथी जळाल्या की तोंड कायमचे कोरडे पडते. दात किडतात. घास चावला तरी गिळत नाही. आपल्या भागात जेवण म्हणजे भाकरी. कोरड्या तोंडाने ज्वारीची भाकरी गिळून पाहा, म्हणजे कळेल. कॅन्सरमधून उठलेला माणूस पंगतीत बसायला लाजू लागतो. पाण्याचा तांब्या घेऊन फिरतो. रात्री जीभ टाळूला चिकटते म्हणून दचकून उठतो. किरणांचा नेम चार बोटे सैल असण्याची ही किंमत होती, आणि ती रोगी आयुष्यभर भरत असे.

तबकड्यांच्या कंपनीने दाखवलेला आतला माणूस

यातून वाट काढली ती एका अनपेक्षित ठिकाणी. ज्या कंपनीच्या कुत्र्याचे चित्र असलेल्या तबकड्यांवर आपल्या आजोबांनी नाट्यगीते ऐकली, त्या एचएमव्हीची मूळ कंपनी म्हणजे इंग्लंडची ईएमआय. तिथे गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाचे अभियंते होते. शरीराभोवती सगळ्या बाजूंनी क्ष-किरण सोडून, त्यांचे हिशेब संगणकाने जुळवून, शरीराचा आडवा काप जणू सुरीने कापल्यासारखा दाखवायचा, ही त्यांची कल्पना. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या एका रुग्णालयात पहिल्या रोग्याच्या मेंदूचे असे चित्र घेतले गेले. आडवे ऐंशी आणि उभे ऐंशी ठिपके, एवढेच ते चित्र. पण त्यात आतले दिसत होते. या गणिताचा पाया स्वतंत्रपणे घालणारे ॲलन कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना १९७९ चे नोबेल मिळाले.

सीटी स्कॅनने किरणोपचाराला दोन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे गाठीचा खरा आकार आणि तिच्या शेजाऱ्यांच्या जागा. दुसरी गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. सीटीच्या चित्रातला प्रत्येक ठिपका हा एक आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे एक हजार, हाड शेकड्यांच्या घरात. किरण कुठून जाताना किती अडेल, हे त्या आकड्यांवरून संगणक काढतो. म्हणजे सीटी हा एकाच वेळी नकाशाही आहे आणि हिशेबाची वहीसुद्धा. म्हणूनच पुढे एमआरआय आला तरी सीटीची जागा गेली नाही. जिभेचे मूळ, नसांच्या कडेने सरकणारा रोग, जबड्याच्या मगजात शिरलेली गाठ हे एमआरआयवर अधिक स्पष्ट दिसते. दातांत चांदी भरलेली असली की सीटीवर जे पांढरे फराटे उठतात, तेही एमआरआयवर वेगळ्या रीतीने येतात. मग दोन्ही चित्रे संगणकावर एकमेकांवर बसवून पाहतात.

आज बेळगावात, कोल्हापुरात किंवा मिरजेत रोगी किरणोपचाराला गेला, तर पहिल्या दिवशी लाईट देत नाहीत. आधी दातांच्या डॉक्टरकडे पाठवतात. किडलेला दात नंतर काढायची वेळ आली तर किरण लागलेल्या जबड्याची जखम भरत नाही, म्हणून तो आधीच काढतात. मग गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लॅस्टिकची पट्टी चेहऱ्यावर दाबून त्या माणसाचा मुखवटा बनवतात. पूर्वी रेघा गालावर ओढत, आता त्या मुखवट्यावर असतात. तो मुखवटा घालूनच सीटी होते आणि पुढे रोज उपचारही होतो. रोज तीच मान, तोच कोन.

त्यानंतरचे काम रोग्याला दिसत नाही. डॉक्टर संगणकासमोर बसून तीन-तीन मिलिमीटर अंतराच्या कापांवर एकामागून एक रेघा ओढतात. १९९३ साली एका आंतरराष्ट्रीय मंडळाने या रेघांची शिस्त घालून दिली. पहिली रेघ दिसणाऱ्या गाठीभोवती. दुसरी तिच्या बाहेर, जिथे रोगाचे न दिसणारे कण पसरले असण्याचा संभव आहे तिथे. तिसरी त्याहून बाहेर, रोज मान दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होणारच, त्या फरकासाठी. शिवाय जे वाचवायचे त्याच्याही रेघा : मज्जारज्जू, लाळग्रंथी, जबडा, डोळे. मानेतल्या गाठींच्या कोणत्या पातळ्या कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, याचा एकमताचा नकाशा जगभरातल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये मान्य केला.

नकाशावरची रेघ काय करू शकते, हे सीमाभागाला सांगावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ओढलेली रेघ आपण अजून भोगतो आहोत. निपाणीला खेटून असलेले देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रातल्या अर्जुननगरात, आणि गाव कर्नाटकात. एखादी रेघ अलीकडे-पलीकडे गेली की काय हाती राहते आणि काय सुटते, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सीटीवरच्या रेघेचेही तसेच. पाच मिलिमीटर आत ओढली तर रोग परत येतो, पाच मिलिमीटर बाहेर ओढली तर लाळ जाते.

भाकरी गिळता यावी म्हणून

रेघा ओढता आल्या, तरी किरणांना त्या आकारात वळवता यायला हवे. १९९० च्या दशकात मशीनच्या तोंडाशी टंगस्टनच्या अनेक पातळ पट्ट्या बसवल्या गेल्या. संगणकाच्या हुकमाने त्या पुढेमागे सरकतात आणि किरणांचा झोत हवा तसा कातरतात. अनेक कोनांतून, कुठे तीव्र तर कुठे मंद असे किरण देऊन गाठीला पूर्ण डोस आणि शेजारच्या ग्रंथीला कमी डोस देता येऊ लागला. यालाच आयएमआरटी म्हणतात. लाळग्रंथीला सरासरी २६ ग्रेच्या आत ठेवले तर ती पुढे सावरते, हे अमेरिकेतील मिशिगनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवले होते. गाठीला त्याच वेळी ६६ ते ७० ग्रे द्यायचे असतात. दोन्हींत अंतर कधीकधी बोटभरही नसते.

याचा उपयोग किती? इंग्लंडमधील एका चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. जुन्या पद्धतीने उपचार झालेल्यांपैकी ७४ टक्के रोग्यांना वर्षभरानंतरही तोंडाचा लक्षणीय कोरडेपणा होता. नव्या पद्धतीत तो ३८ टक्क्यांना होता. आम्हाला अधिक अभिमान वाटतो तो परळच्या चाचणीचा. ‘हे श्रीमंत देशांचे लाड आहेत, आपल्या गर्दीच्या रुग्णालयात जमणार नाही,’ असे म्हणणे सोपे होते. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. केतायून दिनशॉ यांच्या पिढीने किरणोपचार विभाग आधुनिक केला, आणि तिथल्याच डॉक्टरांनी ६० रोग्यांवर रीतसर तुलना करून २०१२ मध्ये ती प्रसिद्ध केली. उपचारकाळातील लाळेचा लक्षणीय त्रास साध्या त्रिमितीय पद्धतीत ८९ टक्क्यांना, तर आयएमआरटीत ५९ टक्क्यांना झाला. हे टक्के म्हणजे पुन्हा पंगतीत बसणारी माणसे.

पुढची पायरी पेट स्कॅनची. कॅन्सरच्या पेशी साखर हावरटासारखी खातात. किंचित किरणोत्सारी केलेली साखर शिरेतून दिली की ती जिथे साठते ती जागा चित्रात उजळते. या साखरेतल्या फ्लोरिनचे आयुष्य इतके कमी, की ११० मिनिटांत ते निम्मे उरते. म्हणजे ते बनवण्याचे यंत्र जवळपास हवे, किंवा वाहतूक घड्याळाच्या काट्यावर हवी. भारतात हे तंत्र २००२ मध्ये परळलाच, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या वैद्यकीय विभागात आले. पेट आणि सीटी एकत्र असलेले मशीन २००४ च्या अखेरीस टाटा मेमोरियलमध्ये बसले.

पेटचा फायदा उपचारानंतरही होतो. पूर्वी किरणांनंतर मानेत गाठ उरली असेल या शंकेने शस्त्रक्रिया करीत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५६४ रोग्यांच्या ब्रिटिश चाचणीने दाखवले, की उपचारानंतर सुमारे बारा आठवड्यांनी पेट-सीटी करून मान स्वच्छ दिसली तर शस्त्रक्रिया टाळता येते आणि आयुर्मानात फरक पडत नाही. मात्र आपल्याकडे एक सावधगिरी हवी. क्षयाची गाठ किंवा साधी सूजही पेटवर उजळते. उजळले म्हणजे कॅन्सरच, असे नाही. तुकडा तपासल्याशिवाय निकाल नाही, हा जुना नियम नव्या चित्रांनी रद्द केलेला नाही. आणि गालाच्या, हिरडीच्या कॅन्सरमध्ये आजही बहुधा आधी शस्त्रक्रिया आणि नंतर गरजेप्रमाणे किरणोपचार, असाच क्रम असतो. चित्र कितीही चांगले असले तरी ते डॉक्टरच्या बोटांचा आणि डोळ्यांचा मदतनीस आहे.

जवळ आलेली मशीन्स, उरलेले अंतर

आज चित्र पालटले आहे. मिरजेत कॅन्सरचे रुग्णालय उभे आहे आणि ते श्री सिद्धिविनायक गणपतीच्या नावाने आहे, हे या उत्सवात आवर्जून आठवावे. कोल्हापूरला सोय झाली. हुबळी आहे, बंगळूरला १९७३ पासूनची किदवई संस्था आहे. बेळगावात १९१६ साली स्थापन झालेल्या केएलई संस्थेने १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय काढले, आणि तिच्या नव्या कॅन्सर रुग्णालयाचे उद्घाटन राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ३ जानेवारी २०२५ रोजी झाले. भाभा केंद्राने बनवलेल्या ‘भाभाट्रॉन’ या देशी कोबाल्ट मशीननेही लहान शहरांची वाट सोपी केली.

पण अंतर किलोमीटरचेच नसते. सीमाभागातल्या रोग्याच्या हातात कार्ड कर्नाटकाचे, नातेवाईक कोल्हापुरात, डॉक्टरवरचा विश्वास मिरजेत. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले, तेव्हा कर्नाटकाने आक्षेप घेतला. वाद राजधान्यांमध्ये चालतो. इकडे गाठ थांबत नाही. गुटख्याची बंदी महाराष्ट्रात २०१२ मध्ये आणि कर्नाटकात २०१३ मध्ये आली, तरी पुडी कुठे मिळते हे शाळकरी पोरांनाही माहीत असते.

आणखी एक अंतर आहे, वेळेचे. आपल्या भागात कित्येक रोगी तोंड उघडेनासे झाल्यावर येतात. तेव्हा बेंबीच्या देठापासून प्रयत्न केले तरी रेघ लहान ओढता येत नाही. कित्येक जण चौथ्या आठवड्यात, तोंड आले, घास जाईना, शेताची कामे आली, म्हणून उपचार अर्धवट सोडतात. इतक्या नेमाने आखलेला डोस मध्येच तुटला तर गाठीला पुन्हा बळ मिळते. सहा आठवड्यांचा उपचार म्हणजे सहा आठवड्यांचा नेम. वारी अर्ध्यावर सोडत नाहीत, तसाच हाही सोडायचा नसतो.

आम्ही तंबाखूच्या गावांना दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. ज्यांच्या घरात चूल त्यावर पेटली, त्यांना उपदेश करणे सोपे असते आणि निरुपयोगीही. पण मंडळांना काही करता येईल. मांडवात दहा दिवस हजारो माणसे येतात. त्यातला एक दिवस दातांच्या आणि घशाच्या डॉक्टरांना बोलावून तोंड-तपासणी ठेवावी. चांगला उजेड, आरसा आणि हातमोजे, एवढ्यावर ती होते. तीन आठवडे न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत उठलेली गाठ, बसलेला आवाज, तोंड कमी उघडणे, या पाच गोष्टी फलकावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहाव्यात. मिश्री लावणाऱ्या बायकांसाठी बायकांनीच बसावे. ज्या घरातला माणूस लाईट घ्यायला जातो, त्याच्या सोबतीला रोज एक जण जाईल अशी पाळी मंडळाने लावावी, आणि त्या सहा आठवड्यांत त्याच्या शेताची भांगलण गल्लीने करून द्यावी.

राँटगेनच्या किरणांपासून पेटच्या उजेडापर्यंत सव्वाशे वर्षांत माणसाने गाठीभोवतीची रेघ लहान करीत आणली. ती आणखी लहान ठेवायची, तर गाठ लहान असतानाच डॉक्टरपुढे तोंड उघडले पाहिजे. तेवढे काम मशीनचे नाही, आपले आहे.